पिझ्झा, पाट्या आणि 'पहिला कोण?'

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी वाचत वाचत आमची पिढी म्हातारी झाली. मिठाईवाला असो की मिसळवाला, 'मूळ', 'अस्सल', 'जुने व प्रसिद्ध' यांपैकी एखादा शब्द पाटीवर हवाच! हा आपलाच मराठी गुण, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. पण मंडळी, न्यूयॉर्कचे पिझ्झावाले या बाबतीत आपल्याला सहज मागे टाकतील.

2023 च्या उन्हाळ्यात मुलाकडे दोन महिने मुक्काम होता. नातू कॉलेजात जाणारा, खाण्याचा शौकीन. त्याने बेत आखला की दर शनिवारी एका वेगळ्या वस्तीत जायचे आणि तिथला पिझ्झा खायचा. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस नुसता खाऊन थोडाच गप्प बसणार! मग प्रत्येक दुकानाची कुंडली काढणे आलेच.

पहिला शनिवार स्प्रिंग स्ट्रीटवरच्या 'लोम्बार्डीज'चा. अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणून याची ख्याती. जेनारो लोम्बार्डी यांनी 1905 मध्ये तो सुरू केला, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. मूळचे दुकान 1984 साली बंद पडले आणि 1994 मध्ये त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर, एका बेकरीची जुनी कोळशाची भट्टी असलेल्या जागेत, पुन्हा उघडले. मात्र पीटर रेगास नावाच्या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी दप्तरे धुंडाळून 2019 मध्ये वेगळेच मांडले. त्यांच्या मते या जागी पिझ्झा आधीपासून मिळत होता, त्याची सुरुवात फिलिपो मिलोने या माणसाने केली आणि लोम्बार्डींकडे दुकान नंतर आले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे मिलोनेचे नाव कोणाच्या गावीही नव्हते!

तसा पिझ्झाच्या मायदेशीही घोळ आहेच. 1889 मध्ये नेपल्सच्या राफाएले एस्पोझितो यांनी राणी मार्गेरिताला पिझ्झा खिलवला आणि तिचे नाव त्याला मिळाले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. त्याचा पुरावा म्हणून दाखवतात त्या राजवाड्याच्या पत्राच्या खरेपणाविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. शिवाय टोमॅटो हे मूळ अमेरिका खंडातले फळ. ते युरोपात गेले, नेपल्सच्या गरिबांच्या रोटीवर चढले आणि त्या गरिबांबरोबर बोटीत बसून पुन्हा अमेरिकेत आले. आता सांगा, अस्सल कोणाचे?

पुढच्या शनिवारी ग्रीनिच व्हिलेजमधले 'जॉन्स', 1929 सालचे. लाकडी बाकांवर गिऱ्हाइकांनी आपली नावे कोरून ठेवलेली. अगदी आमच्या वर्गातली बाकेच! इथे तुकडा विकत नाहीत, आख्खा पिझ्झाच घ्यावा लागतो. कोळशाच्या भट्टीतून काही मिनिटांत बाहेर येतो, कडेला काळे डाग घेऊन. नातू म्हणाला, "आबा, जळलाय का हो?" मी म्हटले, "अरे, चुलीवरच्या भाकरीला असतात तसे डाग आहेत हे. करपलेला वेगळा आणि खरपूस वेगळा."

तुकड्याचा, म्हणजे स्लाइसचा, जमाना खरा आला तो गॅसच्या भट्ट्यांमुळे. कोळशाची भट्टी अवजड, सांभाळायला कठीण. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या भट्ट्या सर्रास झाल्या आणि गल्लोगल्ली दुकाने निघाली. कामकऱ्याने उभ्या उभ्या तुकडा दुमडून खायचा आणि पुढे निघायचे. आपल्या वडापावचेच काम हे! एरिक ब्रॅम या गृहस्थांनी 1980 मध्ये एक गंमत दाखवून दिली होती, की स्लाइसची किंमत आणि भुयारी रेल्वेचे तिकीट बरोबरीने वाढत जातात. बरीच वर्षे ते जमलेही. 2022 पर्यंत मात्र स्लाइस तिकिटाच्या पुढे गेला होता.

आणि पाट्यांचे म्हणाल, तर 'रे' या नावाची कथा ऐकाच. राल्फ कुओमो यांनी 1959 मध्ये प्रिन्स स्ट्रीटवर 'रेज पिझ्झा' काढला. मग शहरभर 'ओरिजिनल रेज', 'फेमस रेज', 'वर्ल्ड फेमस ओरिजिनल रेज' यांचे पीक आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. प्रिन्स स्ट्रीटवरचे ते पहिले दुकान 2011 मध्ये बंद झाले. बाकीचे 'ओरिजिनल' त्यानंतरही चालूच राहिले!

शेवटचा शनिवार ब्रुकलिनमधल्या मिडवुडचा. वस्ती बरीचशी सनातनी ज्यूंची आणि तिच्यात 1960 च्या दशकापासूनचे इटालियन 'डि फारा'. डोमेनिको डी मार्को हे तिथले मालक कित्येक दशके स्वतः पिझ्झा भाजत आणि वरून तुळशीच्या जातीची बेसिलची पाने कात्रीने कापून घालत. 2022 च्या मार्चमध्ये ते वारले. आम्ही गेलो तेव्हा भट्टीपाशी दुसरे हात होते. पिझ्झा उत्तमच होता. परतताना नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आबा, ते आजोबा नाहीत, म्हणजे आता हा अस्सल नाही ना?"

प्रश्न साधा, पण माझ्यासारख्याला तो टाळता येण्याजोगा नव्हता. मी त्याला टोटोनोची गोष्ट सांगितली. अँथनी पेरो ऊर्फ टोटोनो लोम्बार्डींच्या दुकानात भट्टीवर काम करायचे. 1924 मध्ये त्यांनी कोनी आयलंडला स्वतःचे दुकान काढले. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणूनच टिकली. आज या शहरात कितीतरी भट्ट्यांपाशी मेक्सिकोहून आलेली माणसे पीठ मळताना दिसतात. तेही पोटासाठीच आले आहेत, नेपल्सचे आले होते तसेच. पाटीवर त्यांचे नाव नसते. मिलोनेचे तरी कुठे होते?

वर्गात 'पहिला कोण?' हा प्रश्न मी हजारदा विचारला असेन, कारण परीक्षेत त्याला एक गुण असतो. 'त्याच्यानंतर ते कोणी जपले?' याला पेपरात जागा नसते. ती जागा आपणच करायची. नातवाने त्या दिवशी निघताना भट्टीवरच्या माणसाला नाव विचारले नव्हते. पुढच्या खेपेला विचारीन म्हणाला.