हिरोला

बोव्हिडी कुलातील एक आफ्रिकी कुरंग. शास्त्रीय नाव बिॲट्रॅगस हंटेराय. या प्रजातीत आज एवढीच एक जाती उरली आहे. केन्याच्या आग्नेय भागातील गवताळ प्रदेश व त्याला लागून असलेला सोमालियाचा सीमाभाग हे त्याचे मूळ स्थान.

अंगाचा रंग वाळूसारखा पिवळसर, शेपटी पांढरी. नर व मादी दोघांनाही कडी असलेली, वीणेच्या आकाराची लांब शिंगे असतात. डोळ्यांभोवतीची पांढरी वलये कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याने जोडलेली असल्याने चष्मा घातल्यासारखा चेहरा दिसतो. डोळ्यांपुढील गंधग्रंथी इतक्या ठळक असतात की त्याला ‘चार डोळ्यांचे हरिण’ असेही म्हणतात.

आखूड गवत हे मुख्य खाद्य. पाण्यावाचून ते बराच काळ तग धरते. माद्या व पिले लहान कळपात राहतात आणि प्रत्येक कळपाबरोबर सहसा एकच प्रौढ नर असतो.

१९८० च्या दशकातील बुळकांडीच्या साथीत यांची संख्या प्रचंड घटली. पुढे दुष्काळ, शिकार व हिंस्र प्राण्यांनी ती सावरू दिली नाही. हत्ती कमी झाल्याने कुरणांत झाडोरा माजला, हे कारण मात्र सहज नजरेआड होते. २०१२ मध्ये स्थानिक सोमाली पशुपालकांच्या पुढाकाराने इशाकबिनी येथे कुंपण घातलेले अभयारण्य उभे राहिले. तेथे कळप वाढले. तरी एकूण संख्या सुमारे पाचशेच असून जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते.