वादविवाद पद्धती (वैद्यकीय शिक्षण)

एखाद्या वैद्यकीय प्रश्नावर विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्यांना पुराव्यानिशी परस्परविरोधी बाजू मांडायला लावणारी अध्यापनपद्धती. बाजू बहुधा नेमून दिली जाते; त्यामुळे स्वतःला न पटलेल्या मताचाही कसून अभ्यास करावा लागतो.

भारतीय वैद्यकात ही परंपरा जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे एकाच शास्त्राच्या जाणकारांतील चर्चेचे, दोन प्रकार सांगितले आहेत : मैत्रीभावाने होणारी संधाय संभाषा आणि चढाओढीची विगृह्य संभाषा. सूत्रस्थानात रस (चवी) किती, यावर ऋषींची मते एकापासून असंख्यापर्यंत जातात; प्रत्येकाचे ऐकून पुनर्वसू आत्रेय सहा रस ठरवतात.

आधुनिक वर्गात प्रश्न परिसरातून घेता येतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्यात शेतात साप चावला आणि विषबाधेची लक्षणे दिसली, तर प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रातच सुरू करावे की रुग्ण आधी हिंगोलीला हलवावा? एक गट वाया जाणाऱ्या वेळेवर बोट ठेवतो. दुसरा प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी आणि मण्यारदंशात लागणारा कृत्रिम श्वासोच्छ्वास पुढे करतो. शेवटी शिक्षक मार्गदर्शक तत्त्वे उलगडतात : पहिली मात्रा जवळच्या केंद्रात द्यावी, गरज भासल्यास मग रुग्ण पुढे पाठवावा.

देशात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांच्या शिक्षणाला स्वतंत्र स्थान आहे; त्याला ही पद्धती पूरक ठरू शकते.