निमआराम

एसटीच्या काही गाड्यांवर ‘निमआराम’ अशी पाटी असते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांनंतर ही सेवा महाराष्ट्रात रुळली, म्हणून लोक तिला ‘एशियाड’ म्हणू लागले. नाव ठेवणाऱ्याने मात्र दोन फारसी शब्द जोडून खरे ते सांगून टाकले. नीम म्हणजे अर्धा. आराम मिळेल, पण अर्धाच. एवढा प्रामाणिकपणा मोटारींच्या जाहिरातींत मला आढळलेला नाही.

पूर्ण आरामाची कीर्ती आहे ती महागड्या मोटारींची, आणि त्यांच्याशी आमच्या शहराचे नाते जुने आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. व्यवहार ६५ कोटींचा, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. देशभर बातमी झाली. त्यातले ४० कोटींहून अधिक स्टेट बँकेचे कर्ज होते, व्याज ७ टक्के. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून बराच चढा दर पडतो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले. खरेदीदारांचे म्हणणे होते की मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. म्हणजे गाडीत बसून कसे वाटते यापेक्षा गाडी कशी दिसते, हा मुद्दा पहिल्याच दिवशी पुढे आला.

तो नवा नव्हता. औरंगाबाद १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक रोल्स रॉईस मागवली होती. पिवळी धमक, मागच्या बाजूला सिंहासनासारखे उंच आसन. १९११ मध्ये ते वारले आणि गाडी मुलाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. ती समारंभापुरतीच बाहेर निघे. तिच्या मापकावर नोंदलेले अंतर सांगतात ३५६ मैल. हैदराबादहून निघाली असती तर औरंगाबादला जेमतेम पोचली असती! उंच आसन हे लोकांना निजाम दिसावेत म्हणून होते. पाठीला काय वाटते, हा प्रश्न नंतरचा.

पाठीचा विचार केला तो फ्रान्समध्ये, आणि तोही शेतकऱ्यासाठी. सिट्रोएन कंपनीने १९४८ मध्ये ‘टू-सीव्ही’ ही स्वस्त मोटार लोकांपुढे आणली. तिच्या आराखड्याची अट अशी सांगतात, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये. म्हणून स्प्रिंगा मऊ, चाकांना वर-खाली व्हायला भरपूर जागा, टायर उंच कडांचे. वेग बेताचा.

आजच्या महागड्या गाडीत याच्या उलटही पुष्कळ असते. वजन भारी, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त. त्यामुळे लांबच्या रस्त्यावर ती झुलत नाही, हे खरे. पण ऐट म्हणून चाकाची लोखंडी-अल्युमिनियमची तबकडी मोठी करतात आणि भोवतीचे रबर चिंचोळे होते. धक्का गिळायचे काम रबरातल्या हवेचे. तीच कमी झाली, की खड्ड्याची बातमी थेट मणक्याला कळते. गाडीचे पोट जमिनीपासून कमी उंचीवर, हे आणखी एक.

काही वर्षांपूर्वी जालन्याच्या कविसंमेलनानंतर एका रसिक उद्योजकाने मला आपल्या गाडीतून मुकुंदवाडीला पोचवले. मालक स्वतः जालन्यातच थांबले होते; मागच्या आसनावर मी एकटा. हमरस्त्यावर सुख होते, खोटे का बोला. इंजिनाचा आवाज नाही, ट्रकचे हॉर्न दुसऱ्या गावात वाजल्यासारखे. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत गेली, चिकलठाणा गेले, मला कळलेही नाही. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे औडीच्याही गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या कारखान्यांकडे जाणारी कितीतरी मंडळी आमच्या मुकुंदवाडीतून पहाटे बाहेर पडतात.

जालना रोड सोडून आत वळलो आणि सगळे बदलले. पाइपलाइनसाठी खणून नुसते माती लोटलेले चर, दर वीस पावलांवर घरगुती गतिरोधक. पहिल्यावरच गाडीचे पोट खरवडले. एरवी रिक्षात मी याच गल्लीतून गप्पा मारत येतो.

चालक तरुण होता. पुढचा गतिरोधक त्याने तिरपा घेतला. आधी एक चाक, मग दुसरे, गाडी जवळजवळ थांबवून. मला जुन्या मेण्याचे भोई आठवले. आतल्याचा आराम गादीवर कमी आणि त्यांच्या पावलांच्या मेळावर जास्त अवलंबून असे. आमच्या घरच्या बोलीत ‘आराम से’ म्हणजे सावकाश, जपून. मराठीत आजाऱ्याला आराम पडतो. दोन्हीकडे त्या शब्दाला पैसा चिकटलेला नाही.

“मागे बसून कसं वाटतं हो?” त्यानेच मला विचारले. दीड वर्ष तो ती गाडी चालवत होता; मागे बसण्याची वेळ आली नव्हती. पुढची सीट मात्र छान झोपते म्हणाला. लग्नसमारंभात साहेब आत असले की तीन-तीन तास तो ती सपाट करून पडतो, एसी बंद, काचा बोटभर खाली. मी उतरल्यावर त्याने खाली वाकून गाडीचे पोट मोबाइलच्या उजेडात तपासले, ओरखडा बोटाने चाचपला, आणि गल्लीतून उलट निघायचे म्हणून शेजारच्या पोराला मागे उभे केले.