लोहशाई : बोरूपासून फौंटनपेनपर्यंत

जुन्या कागदाचा काळ ठरवितांना आपण लिपि, मायना, शिक्का व मोर्तब यांची छाननी बारकाईनें करतों. शाईकडे मात्र क्वचितच लक्ष देतों. वास्तविक, कागद कोणत्या शाईनें लिहिला आहे यावर तो किती वर्षें टिकेल हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. तीच गोष्ट लेखणीची. काळी लोहशाई, म्हणजे हिराकस व तुरट फळें यांपासून होणारी शाई, हिचा या दोन्ही बाजूंनीं विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

नागपूरच्या नैर्ऋत्येस हिंगणा हें गांव आहे. आतां तें तालुक्याचें ठिकाण असून त्याच्या शेजारीं मोठी औद्योगिक वसाहत झाली आहे. अशा गांवच्या जुन्या घराण्यांत दोन तऱ्हांचे कागद संभवतात. पहिले भोंसलेशाहींतील. तिसरे रघूजी भोंसले १८५३ च्या डिसेंबरांत वारले व पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. त्यापूर्वींचे हे कागद मोडींत, बोरूनें लिहिलेले. दुसरे इंग्रजी अमलांतील मालगुजारीचे : खसरा, जमाबंदी, वाजिब-उल-अर्ज आणि निबंधकाच्या कचेरींत नोंदलेलीं खरेदीखतें. मालगुजारी १९५१ च्या मार्चअखेर संपुष्टांत आली. परंतु जमिनीच्या वहिवाटीचा वाद उपस्थित झाला कीं आजहि या दुसऱ्या तऱ्हेच्या कागदांचा शोध सुरू होतो. आणि आश्चर्य हें कीं, वयानें लहान असूनहि प्रकृतीनें नाजूक तेच आढळतात.

याचें कारण रसायनांत आहे. बोरूची शाई मुख्यतः काजळाची. दिव्याचें काजळ बाभळीच्या डिंकांत पुष्कळ वेळ खलावें, म्हणजे ती तयार होते. काजळ म्हणजे शुद्धप्राय कोळसा. त्याला ऊन उडवीत नाहीं, हवा बदलवीत नाहीं, आणि तो कागदालाहि कांहीं करीत नाहीं. तो फक्त कागदाच्या पृष्ठभागावर बसून राहतो, म्हणून पाण्याचा थेंब पडतांच अक्षर पसरतें. शिवाय आपला हातकागद करतांना लगदा चुन्याच्या निवळींत मुरवीत, व तयार ताव खळ लावून घोटीत. चुन्याचा अंश राहिल्यामुळें असा कागद आम्लाला बराच काळ तोंड देतो. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत लेखनक्रियेवर स्वतंत्र समास घातला आहे. त्या काळीं लेखनसाहित्याची निवड हा केवढा काळजीचा विषय होता, हें त्यावरून दिसतें.

लोहशाईचा प्रकार निराळा. हिरड्यांत व मायफळांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. त्याचा काढा हिराकसाच्या पाण्यांत मिसळला कीं प्रथम फिकट द्रव होतो. कागदावर हवेंतील प्राणवायु लागल्यावर तो काळा पडतो आणि कागदाच्या तंतूंतच रुततो. म्हणून तो पुसतां येत नाहीं, धुतां येत नाहीं. दस्तऐवजाला याहून इष्ट तें काय ? हिरडा व हिराकस यांचा काळा रंग आपल्याकडे रंगाऱ्यांना ठाऊक होता, म्हणजे मूळ कल्पना कांहीं परकी नव्हे. परंतु या मिश्रणांत गंधकाम्ल मोकळें होतें, आणि न मुरलेलें लोह मागें राहून तंतूंचा क्षय वाढवितें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कचेऱ्यांतून गिरणीचा कागद सर्रास आला; त्याला तुरटी व राळ यांची खळ, म्हणजे तोहि आम्लधर्मीच. दोन आम्लें एकत्र आलीं, वर पावसाळ्याची दमट हवा मिळाली, आणि अक्षराच्या रेघेवरच कागद चिरूं लागला.

त्याच सुमारास बोरूची जागा टांकानें घेतली. बर्मिंगहॅमचे पोलादी निब स्वस्त होते. शाईनें निब खाल्ला तर तो फेकून दुसरा लावीत. त्याचें कोणालाच विशेष वाटत नसे. लंडनच्या हेन्री स्टीफन्स यांची निळी-काळी शाई १८३२ पासूनची. ड्रेस्डेनच्या लिओनार्डी यांनीं १८५५ मध्यें काढलेल्या शाईंत निळीचा अंश होता. हा रंग केवळ लिहितांना अक्षर दिसावें म्हणून. तो कालांतरानें उडतो व खालचें लोहाचें काळें उरतें.

फौंटनपेननें मात्र या शाईला अडचणींत टाकलें. वॉटरमन यांचें पेटंट १८८४ चें. या लेखणींत शाई आठवडेच्या आठवडे कोंडलेली राहते. चौदा कॅरटच्या सोन्याच्या निबाला आम्ल बाधत नाहीं. पण निबाखालील एबोनाइटच्या जिभेंतील खांचा केसासारख्या बारीक असतात, आणि तेथें शाई वाळली कीं लोहाचा साका न विरघळणारा होऊन बसतो. शिवाय मुलामा दिलेलें कडें, पोटांतील तरफ वगैरे धातूचे भाग गंजतात. म्हणून शाईवाल्यांनीं लोह कमी केलें. फौंटनपेनच्या लोहशाईसाठीं जें भारतीय मानक, क्रमांक २२०, आहे त्यांत लोहाचें प्रमाण शेंकडा ०.१ धरलें आहे. निबंधकाचा टिकाऊपणा व लेखणीची सुरक्षितता यांमधील ही तडजोड होय.

तेव्हां आज ज्यांना ही शाई वापरावयाची आहे त्यांनीं पहिली गोष्ट ही पाहावी कीं, बाटलीवर फौंटनपेनसाठीं असें स्पष्ट लिहिलेलें असावें. टांकाची शाई, घरीं उकळलेली हिरड्याची शाई किंवा काजळाची शाई लेखणींत कदापि भरूं नये. दांडेकर बंधूंनीं मुंबईस १९३१ मध्यें घोडा छाप शाईची पूड व वड्या काढल्या. त्यांच्याच कॅमल शाईचा पुढें फौंटनपेनसाठीं प्रसार झाला. पुडीची शाई दौतीची, बाटलीची लेखणीची, हा भेद पाळावा. बाटलींत गाळ दिसला तर ती शाई टाकून द्यावी. गाळून वापरण्याचा लोभ धरूं नये.

लेखणी रोज लिहिती ठेवावी; प्रवासास निघतांना रिकामी करावी. निदान महिन्यांतून एकदां साध्या थंड पाण्यानें, पाणी स्वच्छ येईपर्यंत, धुवावी. येथें एक चूक हटकून होते. शाई अडकली कीं लोक साबण किंवा अमोनिया घालतात. अल्कलीनें लोह उलट घट्ट बसतें. त्याऐवजीं आधीं पाणी, मग पुष्कळ पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर किंवा क जीवनसत्त्वाचें सौम्य द्रावण थोडा वेळ, आणि पुन्हां भरपूर पाणी, हा क्रम ठेवावा. याच कारणानें एक शाई काढून दुसरी भरतांना मध्यें लेखणी धुतलीच पाहिजे. दोन शाया मिसळणें तर दूरच. अल्कलीहि निरुपद्रवी नव्हे. पार्करची १९४७ ची सुपरक्रोम शाई तीव्र अल्कलीधर्मी होती, आणि तिनें त्या कंपनीच्याच लेखण्यांचें नुकसान केलें.

आतां पुनः कागदाकडे. दप्तर हातीं आलें असतां शाई कोणती हें आधीं ओळखावें. अवरक्त प्रकाशांत काजळाचें अक्षर काळेंच राहतें, लोहशाईचें फिकें पडतें किंवा दिसेनासें होतें. बॅथोफेनॅन्थ्रोलिन लावलेली कागदाची पट्टी किंचित् ओली करून अक्षरावर टेंकली व ती गुलाबी-लाल झाली, तर अपायकारक लोह शिल्लक आहे असें समजावें. नेदरलंडमध्यें योहान नेव्हेल यांनीं १९९५ च्या सुमारास अशा लोहाला बांधून टाकणारी फायटेटची प्रक्रिया प्रसिद्ध केली. ती तज्ज्ञाच्याच हातीं व्हावी. घरच्या घरीं कागद पाण्यांत बुडविणें दोन्ही तऱ्हांना घातक आहे : काजळ वाहून जातें, आणि लोहशाईंतील सुटें लोह शेजारच्या कोऱ्या कागदांत पसरून तेथेंहि तोच रोग लावतें. कोरडी जागा, मध्यें आम्लरहित कागद, आणि नक्कल करतांना टेबलावर केवळ शिसपेन्सिल, एवढें गांवच्या घरींहि करतां येतें.