सीपॅप यंत्र

सीपॅप यंत्र हे अवरोधी निद्राश्वसनरोध (ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया) या विकारात झोपेतील श्वासमार्ग उघडा ठेवणारे वैद्यकीय उपकरण आहे. ‘कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर’ या संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. यंत्रातील छोटा पंखा खोलीतील हवा गाळून घेतो आणि नळी व मास्क यांच्यावाटे ठरावीक दाबाने श्वासमार्गात सोडतो. यातून वेगळा प्राणवायू मिळत नाही. कोविडच्या साथीत घरोघरी माहीत झालेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरशी त्याची गल्लत करू नये. या उपचाराने मूळ विकार नाहीसा होत नाही. यंत्र बंद पडले की त्याच रात्री घसा पुन्हा मिटू लागतो. म्हणून योग्य दाब आणि अखंड वीज या दोन्ही गोष्टी उपचाराचाच भाग ठरतात.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील वैद्यक संशोधक कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावाटे ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब दिल्यावर त्यांचा श्वास अडणे थांबले होते.

दाब ठरवणे

दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात मोजतात. घरगुती यंत्रांची मर्यादा साधारणतः ४ ते २० असते. आकडा मोठा वाटला तरी १० सेंटिमीटर म्हणजे समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाबाचा जेमतेम एक टक्का. घशाच्या शिथिल झालेल्या स्नायूंना आधार द्यायला तेवढा पुरतो.

किती दाब लागेल हे निद्रातपासणीत ठरते. रुग्ण झोपलेला असताना तंत्रज्ञ दाब हळूहळू वाढवत नेतो आणि श्वास अडणे, घोरणे व रक्तातील प्राणवायूची घट थांबते तो बिंदू शोधतो. स्वयंचलित प्रकारात (ऑटो सीपॅप) यंत्र स्वतःच दिलेल्या मर्यादेत दाब कमीजास्त करते. ताशी किती वेळा श्वास थांबतो वा उथळ होतो, तो आकडा एएचआय म्हणून नोंदला जातो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र विकार मानतात. उपचार चालू असताना हा आकडा ५ च्या खाली यावा अशी अपेक्षा असते.

दाब वाढवला की उपचार अधिक चांगला होतो, हा समज चुकीचा आहे. जादा दाबाने हवा पोटात जाऊन पोट फुगते, मास्कमधून गळती वाढते; काही रुग्णांत मेंदूकडून श्वासाचा संदेशच क्षणभर थांबतो. त्यामुळे मूळ दाब डॉक्टरांच्या सल्ल्याविना बदलू नये.

रोजच्या वापरातील जुळवणी

रुग्णाने स्वतः बदलाव्यात अशा गोष्टीही पुष्कळ आहेत. ‘रॅम्प’ या सोयीने रात्रीची सुरुवात कमी दाबाने होते आणि दाब सावकाश चढतो. मात्र रॅम्पचा वेळ फार लांबवल्यास तोवर झोप लागून श्वास अडू शकतो. उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरवण्याची सोयही अनेक यंत्रांत असते.

तक्रारींचे मूळ बहुधा यंत्रापेक्षा मास्कमध्ये असते. तो बसून नव्हे, आडवे होऊन व हवा चालू ठेवून बसवावा, कारण झोपल्यावर गालांचा आकार बदलतो. गळती दिसली की पट्टे आवळण्याकडे कल होतो. पण अतिघट्ट पट्ट्यांनी गादी चुरगळते आणि गळती उलट वाढते, शिवाय नाकावर वळ उठतात ते वेगळेच. तोंड उघडे राहणाऱ्यांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो.

आर्द्रकात डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बोअरच्या पाण्यातील क्षार त्याच्या तळाशी साचतात. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येत असेल, तर आर्द्रता कमी करावी किंवा नळी उबदार ठेवावी. यंत्र उशाच्या पातळीपेक्षा खाली असावे.

वीजपुरवठा

बहुतेक यंत्रांसोबतचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज घेतो व यंत्राला १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश वीज देतो. पंख्याला वीज थोडीच लागते. खरी भूक आर्द्रकाच्या व तापणाऱ्या नळीच्या तापकाची असते. सरासरी १० वॅट धरल्यास आठ तासांना ८० वॅट-तास पुरतात. तापक चालू ठेवून सरासरी ४० वॅट झाली, तर तोच हिशेब ३२० वर जातो. म्हणून बॅटरीवर झोपताना आर्द्रक बंद ठेवणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात अनेक घरांत असलेल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये आणि रूपांतरात थोडी वीज वाया जाते, हे धरूनही एक रात्र सहज निघते. अर्थात त्याच बॅटरीवर पंखे व दिवे किती आहेत, हे पाहावे लागते. इन्व्हर्टर शुद्ध साइन तरंगाचा असावा. वीज जाऊन येताना यंत्र आपोआप सुरू होते की बटण दाबावे लागते, हे दिवसा मेन स्विच बंद करून एकदा पाहून ठेवावे. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये हवा थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. तिच्यामुळे गुदमरण्याचा धोका टळतो, उपचार मात्र तिथेच थांबतो.

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर २४ व्होल्टचे यंत्र थेट जोडू नये. त्याच यंत्रासाठी बनवलेला परिवर्तक वापरावा. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती घ्यावी लागते.