डायल-अप ई-मेल आणि अंतराचे अर्थकारण

भारतातील ई-मेलच्या प्रारंभिक इतिहासात 'अर्नेट' (१९८६) या शैक्षणिक जाळ्याचे स्थान मूलभूत आहे. त्याअंतर्गत मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व आय.आय.टी. यांच्यात डायल-अप दूरध्वनीवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. संगणकात साठलेली पत्रे ठरावीक वेळी मोडेमद्वारे एकत्रित पाठविली जात. परगावी जोडणी करताना एस.टी.डी.चा आकार अंतर व कालावधीनुसार ठरे. रात्री तो कमी असे. त्यामुळे अशा नियोजनात यंत्राइतकेच वेळापत्रकही निर्णायक ठरे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलेली सार्वजनिक इंटरनेट सेवा प्रारंभी महानगरांपुरती होती. स्थानिक प्रवेश-क्रमांकाअभावी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील महाविद्यालयास तेच पत्र मुंबईतील महाविद्यालयापेक्षा महाग पडणे अटळ होते. तात्पर्य, ज्ञानव्यवहारातील ग्रामीण-नागरी दरीचे एक मूळ दूरध्वनीच्या दरपत्रकातही शोधावे लागते.