मोज्याच्या मागची रेघ

गोल विणलेल्या मोज्याला शिवण लागत नाही. चार-पाच दुटोकी सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि फेरीवर फेरी चढवत जायचे, की नळी आपोआप तयार होते. इजिप्तमध्ये सापडलेले साधारण 11 ते 14 व्या शतकांतले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे असेच, बोटांकडून वर विणत नेलेले आहेत. उत्तर जर्मनीतल्या बुक्स्टेहुडे येथील, 1400 च्या सुमाराच्या वेदीचित्रात मेरी बाळाचा सदरा अनेक सुयांवर गोल विणताना दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा अंगरखा बिनशिवणीचा असल्याचे सांगितले आहे. चित्रात त्याचाच संकेत मानला जातो.

शिवण नसली तरी रेघ मात्र उमटू शकते. दोन सुया भेटतात तिथे धागा सैल पडतो आणि टाक्यांमध्ये उभी शिडी दिसू लागते. त्यावर जुना उपाय म्हणजे नव्या सुईवरचे पहिले एक-दोन टाके ताणून घेणे, किंवा दर फेरीला थोडे टाके पुढच्या सुईवर सरकवून सांध्याची जागा बदलत राहणे. दुसरी अडचण भूमितीची आहे. गोल विणकाम खरे तर मळसूत्रासारखे चढते. फेरीचा शेवट तिच्या सुरुवातीपेक्षा एक ओळ वर येतो आणि पट्टे असतील तर रंग बदलताना पायरी पडते. ती लपवण्यासाठी नव्या रंगाच्या दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणताच उचलून घेतात. नक्षीच्या स्वेटरमध्ये फेरीची सुरुवात काखेखाली ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग.

गंमत अशी की, युरोपातले हातविणकर शतकानुशतके अशी एक रेघ मुद्दाम काढत आले. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यात पोटरीमागे, वरपासून टाचेपर्यंत, सुलट विणीत उलट टाक्याचा एकच उभा स्तंभ असे. फेऱ्या मोजायला तो उपयोगी पडे आणि पोटरीखाली टाके कमी करताना त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे अंतर राखता येई. या रेघेला शिवणच म्हणत, जरी तिथे काही शिवलेले नसे.

खरी शिवण आणली ती यंत्राने. नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनवले. त्यातल्या सुया एका सरळ रांगेत असल्याने त्यावर नळी नव्हे, सपाट कापड निघे. कडेचे टाके आत सरकवून कापड पायाच्या आकाराचे करायचे आणि दोन्ही काठ मागे जोडायचे. काठ पक्का असल्याने ही शिवण टिकाऊ होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मालकांनी खर्च वाचवण्यासाठी रुंद यंत्रांवर सरसकट कापड विणून त्यातून मोजे कातरायला सुरुवात केली. कातरलेल्या कडेचे टाके सुटतात, त्यामुळे असा मोजा शिवणीतच उसवे. नॉटिंगहॅमशायरमध्ये 1811 पासून यंत्रे फोडणाऱ्या लडाइटांच्या तक्रारींत घटती मजुरी होती, तसा हा निकृष्ट मालही होता. त्यांना केवळ यंत्रांचे शत्रू समजणे म्हणूनच अपुरे आहे. धंद्याची अब्रू जाते आहे, हेही त्यांना खुपत होते. सरकारने 1812 मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. त्या विधेयकाविरुद्ध कवी लॉर्ड बायरन यांनी 27 फेब्रुवारी 1812 रोजी उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले.

मार्क ब्रुनेल यांनी 1816 मध्ये गोल विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, पण अशा यंत्रांची नळी घोट्यापाशी आणि पोटरीपाशी सारख्याच रुंदीची निघे. तिला वाफेने पायाचा आकार द्यावा लागे आणि धुतल्यावर तो बिघडे. त्यामुळे 1864 चे विल्यम कॉटन यांचे सुधारित सपाट यंत्रच उंची मालासाठी वापरात राहिले आणि मागची शिवण दर्जाची खूण ठरली. अमेरिकेत 15 मे 1940 रोजी देशभर विक्रीला आलेले नायलॉनचे मोजेही शिवणीचेच होते. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटसाठी वळवले गेले, तेव्हा अनेक स्त्रियांनी उघड्या पायांवर भुवयांच्या पेन्सिलीने ती रेघ ओढली.

नायलॉनला उष्णतेने कायमचा आकार देता येऊ लागल्यावर गोल यंत्राचा जुना दोष मिटला आणि 1960 च्या दशकात बिनशिवणीच्या मोज्यांनी बाजार घेतला. तरीही शिवणीची हौस असलेल्यांसाठी कारखाने या अखंड नळीवर मागच्या बाजूने खोटी शिवण घालतात.